दोनशे लिटर समुद्र



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकार कळविला होता. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, रंगभूमी, सहकार, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विवेचन केले आहे. मी आयुष्यभर पाणी तपासण्याची नोकरी केली. व्याख्यान द्यावे असे माझ्यापाशी काय असणार? परंतु चिटणीसांनी पिच्छा सोडला नाही. 'तुमच्या घरात ती समुद्राची टाकी आहे, तिच्याविषयीच बोला,' असे ते म्हणाले. त्यामागे त्यांचा एक हेतूही होता. तो मी अखेरीस सांगेन.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते गुरुजी आम्हाला शास्त्र शिकवीत. १९६८ साली मी आठवीत होतो. एका सोमवारी ते काचेच्या बाटलीत वेंगुर्ल्याच्या समुद्राचे पाणी घेऊन वर्गात आले. त्यांनी ते पाणी मोजून चिनीमातीच्या बशीत ओतले, स्पिरिटच्या दिव्यावर आटविले आणि मागे राहिलेला पांढरा थर तराजूत तोलून दाखविला. हिशेब लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅमचा आला. मग त्यांनी प्रत्येकाला चिमूटभर थर जिभेवर ठेवायला लावला. आधी खारट लागले, मागाहून कडू. 'हे नुसते मीठ नव्हे,' गुरुजी म्हणाले, 'कडू काय आहे ते पुढच्या वर्षी शिकाल.' आज ज्या टाकीविषयी बोलायचे तिचा आरंभ त्या चिमटीत आहे.

गुरुजींचा प्रयोगशाळेतला पहिला नियम आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चिठ्ठी नसलेली बाटली त्यांना खपत नसे. आत काय आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असले तरी ती बाटली ते मोरीत रिकामी करीत. या नियमाकडे मला पुढे परत यावयाचे आहे.

मी १९७६ साली एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर रुजू झालो. तुरटीने गाळ बसवायचा, वाळूतून पाणी गाळायचे, क्लोरीन द्यायचा, आणि नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे याची खात्री करायची, हा माझा नित्यक्रम होता. माझ्या लेखी शुद्ध पाणी म्हणजे ज्यात काहीही जिवंत नाही असे पाणी. या कल्पनेत खोट नव्हती. पटकीची साथ पाहिलेल्या माणसाला ती चुकीची वाटणार नाही. मात्र १९९६ साली मी घरात दोनशे लिटरची काचेची टाकी आणली, तीत समुद्राचे पाणी भरले, आणि पुढील तीन वर्षांत त्या टाकीने मला माझा व्यवसाय नव्याने शिकविला.

टाकी आणण्याचे कारण साधे होते. विद्यार्थिदशेत मुंबईला गेलो असताना तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले ते मत्स्यालय समुद्राच्या काठावरच असल्यामुळे त्याला पाण्याची ददात नव्हती. आम्ही घाटावरचे लोक. परंतु माझ्या आईचे माहेर वेंगुर्ल्याचे. मामांकडे जाणेयेणे असे. येताना आंबोलीच्या घाटातून पाण्याचे पांढरे कॅन गाडीत घालून आणता येत. पावसाळ्यात मात्र ते चालत नसे. नद्यांचे गढूळ, गोडे पाणी किनाऱ्याशी मिसळलेले असते आणि तरंगमापकाचा काटा, म्हणजे ज्याला आपण हायड्रोमीटर म्हणतो त्याचे माप, पार खाली उतरते. समुद्राचे पाणी भरून ठेवायचे ते माघ-फाल्गुनात, ओहोटी संपून भरती चढत असताना, खाडीच्या मुखापासून दूर.

गोड्या पाण्यात मासे पाळणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. खाऱ्या पाण्याची, आणि त्यातही प्रवाळांची टाकी अवघड का, हे थोडे सांगावयास हवे. प्रवाळ म्हणजे आपले पोवळे ज्या कुळातले, त्या कुळातले प्राणी. वनस्पती नव्हेत, दगडही नव्हेत, जरी ते दोन्हींसारखे दिसतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि यजमानाला देते. हे प्राणी ज्या समुद्रात वाढतात तेथील पाणी विलक्षण स्वच्छ आणि, आश्चर्य वाटेल, विलक्षण गरीब असते. त्यात नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ नसतेच. शिवाय ते पाणी बदलत नाही. त्याची क्षारता, उष्णता, अल्कता वर्षानुवर्षे अरुंद मर्यादेत राहते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून एखाददुसरा अंश अधिक झाला आणि तसाच काही आठवडे टिकला, तर प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवती हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. जे अथांग समुद्रात घडू शकते ते दोनशे लिटरांत एका दुपारी घडते. समुद्रात एक मासा मेला तर कोणाला कळत नाही. टाकीत मेला तर तीच त्या जगातली साथ असते.

आता मुख्य विषयाकडे, गाळणीकडे येतो.

मासा जे खातो त्यातील बराचसा नायट्रोजन तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक रूप बव्हंशी निरुपद्रवी, दुसरे जहाल विषारी. सात पीएचच्या पाण्यात विषारी रूपाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. तेथे तेच प्रमाण सहा-सात टक्क्यांवर जाते. म्हणजे तेवढीच घाण खाऱ्या पाण्यात दहा-बारा पट घातक. त्यात आणखी एक अडचण अशी की, पंचवीस अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू मावतो, खाऱ्यात पावणेसात मिलिग्रॅमच्याच आसपास. आणि या सर्व काळात पाणी दिसायला आरशासारखे नितळ असते. नितळ आणि निर्मळ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. माझ्या टाकीला तो अर्थ मान्य नव्हता.

मग हा अमोनिया काढायचा कसा? कापडातून, स्पंजातून, वाळूतून तो सरळ पार होतो. येथे मला शिकावे लागले की या टाकीतले गाळणे म्हणजे काही अडविणे नव्हे, कोणाला तरी वसवणे आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोएसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका उभ्या नळीत वाळू व चुनखडी भरून तीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. सुमारे वीस दिवस काही घडले नाही. त्यानंतर नळीच्या तळाशी येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्या जागी नायट्रेट येऊ लागले. रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस वाट पाहायला लावते ते काहीतरी जिवंत असले पाहिजे. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. बागेतली थोडी माती धुऊन ते पाणी वरून घातले, क्रिया पुन्हा सुरू झाली. पुढे विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले: काही अमोनियाचे नायट्राइट करणारे, काही नायट्राइटचे नायट्रेट करणारे. यांना राहायला ओबडधोबड सच्छिद्र पृष्ठभाग हवा, वाहते पाणी हवे आणि प्राणवायू हवा. बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत या काळाआधी मासे सोडणे म्हणजे घर बांधण्यापूर्वी वास्तुशांतीचे जेवण उरकणे.

वास्तविक मला हे अगोदरच ठाऊक असावयास हवे होते. आमच्या केंद्रात जुन्या पद्धतीचे मंदगती वाळूचे दोन हौद होते. त्या वाळूच्या वरच्या बोटभर थरात एक बुळबुळीत पडदा धरतो, आणि पाणी खऱ्या अर्थाने तोच गाळतो. हौद खरडून साफ केला की पुढचे काही दिवस त्यातून येणारे पाणी पूर्वीपेक्षा वाईट असते, म्हणून ते सोडून द्यायचे, हा नियम मी वीस वर्षे पाळत होतो. नियम पाळत होतो, कारण तसे पुस्तकात लिहिले होते.

१९९७ सालच्या दिवाळीत घरात साफसफाई चालली होती. माझ्याही अंगात आले. टाकीच्या गाळणीत सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे होते; ते वर्षभरात तपकिरी, चिकट झाले होते. मी ते सर्व बादलीत काढले आणि नळाखाली धुऊन पांढरे स्वच्छ केले. तो नळ माझ्याच केंद्राचा होता. त्यातील क्लोरीनची मात्रा मीच ठरविलेली होती, आणि त्या दिवशी ती अगदी नियमानुसार होती. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी टाकीतले पाचही मासे आडवे तरंगत होते. तपासले तेव्हा अमोनियाच्या नळीतला रंग गर्द हिरवा आला. जे जिवाणू मारण्यासाठी मला पगार मिळत होता, ते सर्वच आपले शत्रू नव्हते, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. तेव्हापासून गाळणीचे तुकडे धुवायचे तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, तेही एका वेळी चतुर्थांश, आणि नुसते हलवून गाळ झटकण्यापुरते.

या जीवांविषयी आपले ज्ञानही पूर्ण नव्हते, हे पुढे दिसून आले. अमोनियावर जगणारे ते सारे जिवाणूच, अशी शंभराहून अधिक वर्षांची समजूत होती. २००५ साली जिवाणूंहून सर्वस्वी वेगळ्या अशा आर्किया या वर्गातला एक सूक्ष्मजीव हेच काम करताना सापडला. तो सापडला कुठे, तर अमेरिकेतील सिअॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या एका खाऱ्या टाकीच्या तळच्या खडीत. पुढे लक्षात आले की त्याचे भाईबंद सगळ्या महासागरांत अफाट संख्येने आहेत. मत्स्यालयातल्या खडीची अशी बूज शास्त्राने राखल्याचे वाचून मला व्यक्तिशः बरे वाटले.

नायट्रेट साठत जाते, ते मात्र हे जीव सहसा हलवीत नाहीत. सच्छिद्र दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दुसरे जिवाणू त्याचा वायुरूप नायट्रोजन करतात. परंतु दाट वस्तीच्या टाकीत तेवढ्याने भागत नाही. त्याला दोन उपाय. पहिला, दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलणे. याला पर्याय आहेत असे सांगणारी यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत. मला त्यांचा भरवसा वाटत नाही. दुसरा उपाय, घाण कुजण्यापूर्वीच बाहेर काढणे, आणि तो फारच सुंदर आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेला पिवळसर फेस आपण पाहिला असेल. खाऱ्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, आणि प्रथिनांसारखे पदार्थ त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून वर येतात. एका उभ्या नळकांड्यात असे बुडबुडे सोडले की वरच्या वाटीत चहाच्या रंगाचा, दुर्गंधी सुटलेला द्रव जमतो. याला प्रोटीन स्किमर म्हणतात. आमच्या घरात त्याचे नाव 'फेसाचे मडके' असे पडले. गोड्या पाण्यात हे मडके चालत नाही. रोज सकाळी ती वाटी रिकामी करताना, हे सारे पाण्यात राहिले असते तर काय झाले असते, हा विचार येतोच.

बुडबुड्यांवरून आठवले. घरात प्रवाळ जगविण्याचा मान बहुधा ॲना थिन या इंग्रज बाईंना द्यावा लागेल. १८४६ साली त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले, आणि वाटेत ते आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून टाकले. लंडनला समुद्र नाही, आणि तेव्हा विजेचा पंपही नव्हता. त्यांच्या घरची दासी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. खळखळ ओतल्याने पाण्यात हवा मिसळे. पुढल्या वर्षी सागरी वनस्पती टाकल्यावर काम काहीसे हलके झाले. आपल्याकडे रात्री वीज गेली की मी हाच प्रयोग तांब्याने करीत आलो आहे. (तांब्या स्टीलचा. तांबे हा धातू माशांच्या रोगावर औषध म्हणून वापरतात, पण प्रवाळ, शंख, कोळंबी यांना त्याचा अंशही सोसत नाही.) आता बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला आहे.

आता क्षारांचे. १८८४ साली डिटमार यांनी, 'चॅलेंजर' या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणेत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. पाणी कुठे कमी खारट असो वा अधिक, त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण मात्र सगळीकडे जवळजवळ सारखेच, असा त्याचा निष्कर्ष होता. गुरुजींच्या बशीतला कडवटपणा मॅग्नेशियमचा. लिटरमागे तो सुमारे १३०० मिलिग्रॅम असतो, आणि कॅल्शियम सुमारे ४१०. मिठागरात प्रथम चुनखडीचे क्षार बसतात, मग मीठ धरते आणि कडू पाणी मागे उरते. ते काढून टाकले म्हणूनच आपले मीठ गोड लागते. १९३० च्या सत्याग्रहामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांत हे मी लहानपणी आजोळी असताना पाहिले आहे. म्हणून स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात घालून समुद्र होत नाही. पावसाळ्यात मी तयार मिश्रण आणतो, आणि ते विरघळविण्यासाठी नळाचे पाणी घेत नाही. आरओ यंत्रातून पुढे रेझिनच्या नळीतून काढलेले घेतो. नळाच्या पाण्यातला सिलिकेट व फॉस्फेटचा अंश तुम्हाआम्हाला अपायकारक नसला तरी महिन्याभरात काचा शेवाळाने माखवून टाकतो.

खडकी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. तेवढे कॅल्शियम आणि तेवढी अल्कता पाण्यातून कमी होत जाते. ती भरून काढण्याचा जर्मन छंदिष्टांनी रूढ केलेला उपाय वाचला तेव्हा मला हसू आले. तो उपाय म्हणजे आपली चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात चुना दीड ग्रॅमहून किंचित अधिकच विरघळतो. निवळी वरवरची घ्यायची, साका ढवळायचा नाही, आणि रात्री थेंबथेंब सोडायची. एकदम ओतली तर तिचा पीएच बारांच्या वर असल्याने टाकी भाजून निघते. दिवसभरात टाकीतले जे पाणी उडून जाते त्याची भरपाई या निवळीने केली की दोन्ही कामे साधतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची. बदलायचे पाणी खारे, भरायचे पाणी गोडे.

१९९८ साली मी मुंबईच्या एका दुकानातून मुठीएवढे खडकी प्रवाळ आणले. मेंदूसारख्या वळ्या असलेले, हिरवट. त्या वेळी त्यावर बंदी नव्हती. रात्री दिवा मालवला की त्या वळ्यांतून बारीक पारदर्शक बोटे बाहेर येत. सहा महिन्यांत त्याच्या कडेला नवी पांढरी रेघ दिसू लागली; ते वाढत होते. दोनशे लिटरांत, समुद्रापासून एका घाटाच्या अंतरावर, ते प्राणी दगड बांधीत होते. नोकरीत मला कधी एवढे समाधान मिळाले नाही, हे आज मोकळेपणाने सांगायला हरकत नाही.

१९९९ च्या मार्चमध्ये मला पंचवीस दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावे लागले. पत्नीची सकाळची शाळा. टाकीचे काम आईकडे आले. निवळीचा खटाटोप तिच्यावर नको म्हणून साधे पाणीच घालायचे ठरले. टाकीच्या काचेवर मी रेघ ओढून दिली. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचे, एवढेच काम. टेबलाखाली चार पांढरे कॅन होते, पंचवीस लिटरांचे, एकसारखे. दोन गोड्या पाण्याचे, दोन मामांकडून आणलेल्या खाऱ्याचे. 'उजव्या हाताचे कॅन वापर,' असे मी आईला सांगितले आणि निघालो.

आमची टाकी बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उघड्या जागेत आहे. टेबल दोन्ही बाजूंनी मोकळे. मी बैठकीतून बोललो होतो. आईने स्वयंपाकघरातून हात घातला. माझे उजवे ते तिचे डावे.

मी परतलो तेव्हा पाणी बरोबर रेघेवर होते, केसभरही वरखाली नाही. तिने पंचवीस दिवस, एकही दिवस न चुकता, रोज दोन लिटर पाणी मोजून घातले होते. दोनशे लिटरांत आधीचे सात किलो क्षार. त्यात पन्नास लिटर समुद्रातले पावणेदोन किलो आणखी. लिटरमागे पस्तीसचे जवळजवळ चव्वेचाळीस ग्रॅम झाले होते. तरंगमापकाची शेवटची रेघही पाण्याच्या वर आली होती. मासे जगले होते. प्रवाळाच्या सांगाड्यावरून मांस सुटून तंतूंसारखे लोंबत होते आणि खालचे पांढरे हाड उघडे पडले होते.

आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, 'माझ्याकडून काही कमी पडलं का रे?'

'नाही, ते जुनेच होते, व्हायचेच होते,' असे सांगून मोकळे होण्याचा मोह मला झाला. तिला तेच ऐकायचे आहे असेही वाटले. परंतु खोटे सांगितले असते तर पुढच्या वेळी पुन्हा तेच झाले असते. मी तिला कॅन दाखविले, आणि चूक माझी आहे, कॅनवर चिठ्ठी नव्हती, हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मला एक थेंब जिभेला लावून बघ म्हणून सांगितलं असतंस, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. जन्म गेला माझा आमटी चाखण्यात.'

माझ्यापाशी तरंगमापक होता, चांदीच्या क्षाराने क्लोराइड काढायची सोय होती, आणि गुरुजींनी जिभेवर ठेवलेली चिमूटही होती. त्यांपैकी काहीच मी तिच्या हाती दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या लिहून आणल्या, त्या आधीच आईने खाऱ्या कॅनच्या मुठींना लाल दोरा बांधला होता. वरची क्षारता उतरविण्यासाठी आम्ही आठ दिवस घेतले, कारण माशांनी जे हळूहळू सोसले ते एकदम काढून घेतले तरी ते मरतात. पुढली नऊ वर्षे, २००८ साली ती जाईपर्यंत, सकाळचे पाणी आईच घालीत असे. घालण्यापूर्वी ती एक थेंब चाखे.

त्यानंतर मी खडकी प्रवाळ आणले नाही. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व खडकी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. समुद्रातून काढलेला जिवंत प्रवाळखडक आपल्याकडे गाळणीसाठी वापरू नये, हेही त्यात आलेच. आज माझ्या टाकीत दुसऱ्या छंदिष्टाच्या टाकीत तुकडे करून वाढविलेले मऊ प्रवाळ आहेत, बंदिवासात पैदास झालेली क्लाउनफिशची एक जोडी आहे, आणि सच्छिद्र सिरॅमिकवर अठ्ठावीस वर्षांची जिवाणूंची वस्ती आहे. ती १९९७ च्या भाऊबीजेनंतर नव्याने बसलेली. घरातली सर्वांत जुनी मिळकत म्हणाल तर तीच.

आता चिटणीसांच्या हेतूकडे येतो. ही टाकी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी असे त्यांनी सुचविले आहे. माझे वय झाले, कॅन उचलवत नाहीत. मुले बाहेरगावी आहेत. मी होकार दिला आहे, परंतु काही अटी कार्यकारी मंडळाला लेखी कळविल्या आहेत. टाकी दिवाळीच्या सुटीत हलवायची नाही, शाळा भरल्यावर हलवायची. गाळणीचे तुकडे ओले, टाकीच्याच पाण्यात बुडालेले आणायचे. वाटेत सुकता कामा नयेत. जागा बदलल्यावर ही वस्ती पुन्हा स्थिरावेपर्यंत, निदान सहा आठवडे, मासे माझ्याच घरी छोट्या टाकीत राहतील. या काळात रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट आठवीच्या मुलांनी मोजायचे आणि आलेखावर मांडायचे. सुटीच्या दिवसांत पाणी घालण्याची पाळी नावानिशी फलकावर असावी. पाहुण्यांना दाखविण्यासाठी म्हणून टाकी घासूनपुसून चकाकवू नये. आणि कॅन दोन रंगांचे घ्यावेत.

ते मी कालच बाजारातून आणले आहेत, निळे दोन आणि पांढरे दोन. प्रयोगशाळेत, गुरुजींच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. चिठ्ठ्या आठवीच्या मुलांनी लिहायच्या आहेत.